पोतदाराची पारख

आषाढाच्या आरंभीं तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापुराच्या वाटेला लागली, म्हणजे ती आमच्या काटेवाडीस विसांव्याला येते. गांवचा परीटसमाज रस्त्यावर धुवट धोतरांच्या पायघड्या अंथरतो, धनगर आपापल्या मेंढ्या घेऊन येतात, आणि टाळमृदंगाच्या गजरांत त्या मेंढ्या पालखीभोंवतीं रिंगण धरून धांवूं लागतात. नोकरीच्या निमित्तानें काटेवाडी सोडून पुण्यास जाऊन आम्हांस चार तपें होत आलीं. परंतु ह्या दिवशीं आम्ही गांवीं असतोंच. धांवणाऱ्या त्या कळपांत कोणती मेंढी कोणाची, हें आम्हांस कधींच ओळखतां आलें नाहीं. धनगराला मात्र विचारावें. तो प्रत्येक मेंढीचें वय, तिची खोड आणि तिची आई हीं तिन्ही सांगतो.

यंदा पालखी भवानीनगराकडे गेल्यावर आम्ही चुलत्यांच्या घराच्या ओट्यावर टेकलों. चुलते जाऊन पुष्कळ वर्षें झालीं, काकी आहेत. नव्वदीच्या घरांतल्या काकींनीं चहाचा कप आमच्या हातीं दिला आणि एकदम विचारलें,

“अण्णा, तू बँकेत हुतास. त्यो सिबिलसायेब कुठं बसतो रं? पोराला बँकवालं म्हनलं, तुझं सिबिल न्हाई. म्या म्हनलं, आमच्या अण्णाची वळख आसंल, त्यो गाठ घालून दील. मी सोता बोलती त्याच्यासंगं.”

जवळ बसलेलीं मुलें हंसलीं. आम्हीही हंसलों, पण तें हंसूं फार वेळ टिकलें नाहीं. पस्तीस वर्षें बँकेंत काढलेल्या मनुष्यास ह्या प्रश्नाचें उत्तर चटकन् देतां येईना. काकींचा नातू राहिलेल्या दोन एकरांत ठिबक बसवूं पाहात होता. पीककर्जास सिबिलची अट घालूं नका, अशी ताकीद राज्य सरकारनें बँकांस अनेकदां दिली आहे; पण ठिबकाचें कर्ज मुदतीचें, त्यास ती ताकीद लागू नाहीं. बँकेच्या पडद्यावर ३०० ते ९०० ह्यांमधील एक आंकडा उमटला, तो कमी भरला, आणि मुलगा परत आला. सातबारा कोणीं मागितला नाहीं, विहिरीचें पाणी कोणीं पाहिलें नाहीं. तेव्हां तो आंकडा लिहिणारा कोण, तो कोठें बसतो, आणि तो कोणाचा चाकर, हें विचारण्याचा काकींस पूर्ण अधिकार होता.

आम्हीं त्यांस सांगितलें तें असें. सिबिल हा कोणी साहेब नव्हे. ती एक कंपनी आहे. सन २००० मध्यें मुंबईंत ती निघाली, तेव्हां स्टेट बँक व एचडीएफसी ह्या देशी संस्था आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट व ट्रान्सयुनियन ह्या दोन अमेरिकन कंपन्या तिच्या प्रवर्तक होत्या. पुढें देशी बँकांनीं आपले भाग हळूहळू विकले, आणि आज तिचे शेंकडा नव्वदांहून अधिक भाग शिकागोच्या ट्रान्सयुनियनच्या हातीं आहेत. ही ट्रान्सयुनियन १९६८ सालीं जन्मास आली ती रेल्वेच्या टाकीचे डबे भाड्यानें देणाऱ्या एका कंपनीच्या घरांत! काटेवाडीच्या पोराची पत शिकागोच्या मालकीची झाली, ती ह्या वाटेनें.

काकींनीं कपाळास हात लावला. “म्हंजी सायेब लांब हाय,” एवढेंच त्या म्हणाल्या.

पुण्यास परत आल्यावर हा विषय आमच्या डोक्यांतून जाईना. एकट्या कुणब्याच्या पोराचीच पारख होते असें थोडेंच आहे? कंपन्या कर्जरोखे काढतात, नगरपालिका काढतात, राष्ट्रेंही काढतात. आणि त्या सर्वांच्या कपाळावर अक्षरें लिहिणाऱ्या संस्था निराळ्या आहेत. त्यांस पतमापन संस्था म्हणतात. जगांतील ह्या धंद्याचा बहुतेक भाग तीन घराण्यांच्या हातीं आहे: स्टँडर्ड अँड पूअर्स, मूडीज आणि फिच. आपल्या हिंदुस्थान देशास ह्यांपैकीं पहिल्या संस्थेनें २००७ सालीं गुंतवणूकयोग्य मानल्या जाणाऱ्या पायऱ्यांतल्या अगदीं खालच्या पायरीवर बसविलें, आणि तेथून एक पायरी वर घेतलें तें २०२५ च्या ऑगस्टांत. काकींचा नातू बँकेच्या बांकावर एक सकाळ बसला; आपला देश अठरा वर्षें बसला होता.

ह्या तिघांचे मालक कोण? पहिलीस मॅकग्रॉ-हिल ह्या पाठ्यपुस्तकें छापणाऱ्या कंपनीनें १९६६ सालीं विकत घेतलें. पुढें पुस्तकांचा धंदा सुटला, आणि २०१६ सालीं त्या कंपनीनें स्वतःचेंच नांव एस अँड पी ग्लोबल असें ठेवलें. मूडीज १९६२ पासून २००० पर्यंत डन अँड ब्रॅडस्ट्रीटच्या घरीं नांदली, नंतर स्वतंत्र झाली. तिचा सर्वांत मोठा भागीदार अनेक वर्षें बर्कशायर हॅथवे ही वॉरन बफे ह्यांच्यामुळें प्रसिद्ध झालेली कंपनी आहे. फिच २०१८ पासून संपूर्णपणें हर्स्ट ह्या वर्तमानपत्रवाल्या घराण्याच्या मालकीची आहे. पाठ्यपुस्तकवाले, व्यापारी चौकशांचे दप्तर ठेवणारे आणि वर्तमानपत्रवाले, ह्या तीन घरांतून जगाची पत ठरत आली.

आपल्या येथील संस्थांची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. १९८७ सालीं आयसीआयसीआय व युनिट ट्रस्ट ह्यांनीं पुढाकार घेऊन मुंबईंत क्रिसिल काढली. ह्या देशांतील ही पहिली पतमापन संस्था. १९९१ सालीं आयएफसीआयनें इतरांच्या साह्यानें इक्रा काढली. १९९३ सालीं आयडीबीआय, कॅनरा बँक वगैरेंनीं केअर काढली. तिन्हींचा पाळणा सार्वजनिक पैशाच्या किंवा त्यास लागून असलेल्या संस्थांनीं हलविला. पण मुली मोठ्या झाल्या आणि सासरीं गेल्या! २००५ सालीं क्रिसिलचे निम्म्याहून अधिक भाग एस अँड पीकडे गेले. आज सुमारें दोन-तृतीयांश तिच्याकडे आहेत. २०१४ सालीं इक्राचे निम्म्याहून अधिक भाग मूडीजकडे गेले. इंडिया रेटिंग्ज ही तर फिचचीच. माहेरीं राहिली ती केअर; तिच्यावर एका कोणाची मालकी नाहीं, आयुर्विमा महामंडळासारख्या संस्था आणि पुष्कळ लहानमोठे भागधारक तिचे धनी आहेत. मौज अशी कीं, २०१७ सालीं क्रिसिलनें कॅनरा बँकेकडून केअरचे शेंकडा ८·९ भाग विकत घेतले. एका पारख्यानें दुसऱ्या पारख्याच्या घरांत खोली घेतली म्हणावयाची! दुसऱ्याच वर्षीं सेबीनें नियम केला कीं, एका पतमापन संस्थेनें दुसरीचे शेंकडा दहा किंवा त्याहून अधिक भाग धरूं नयेत.

येथवर वाचून कोणीही स्वदेशाभिमानी वाचक म्हणेल कीं, रोग सांपडला: मालक परके आहेत, ते आपले झाले म्हणजे पारख खरी होईल. आम्हांसही पुष्कळ दिवस असेंच वाटत असे. परंतु २०१८ सालानें ह्या समजुतीची जी परीक्षा घेतली, ती विसरण्यासारखी नाहीं.

रस्ते, बोगदे व वीजकेंद्रें ह्यांस पैसा पुरविणारी आयएल अँड एफएस नांवाची मुंबईची मोठी कंपनी. तिच्या समूहाचें कर्ज ९१,००० कोटि रुपयांच्या वर. त्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत तिच्या कर्जरोख्यांवर सर्वोच्च अक्षरें होतीं: तीन ‘ए’. ह्या अक्षरांचा अर्थ पैसे बुडण्याची भीति जवळजवळ नाहीं, असा. सप्टेंबरांत तिचे हप्ते चुकले, आणि कांहीं आठवड्यांतच तीं अक्षरें घसरून ‘डी’वर, म्हणजे बुडिताच्या खात्यावर आलीं. प्रॉव्हिडंट फंडांचा आणि म्युच्युअल फंडांचा, म्हणजे आपल्यासारख्या कुटुंबांचा, पैसा त्यांत अडकला. अक्षरें देणाऱ्या तीन संस्थांस सेबीनें डिसेंबर २०१९ मध्यें प्रत्येकीं २५ लक्ष रुपये दंड केला, आणि सप्टेंबर २०२० मध्यें तो वाढवून प्रत्येकीं एक कोटि केला. त्या तीन कोणत्या? इक्रा, केअर आणि इंडिया रेटिंग्ज. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. एकीची मालकी मूडीजकडे, दुसरीची वर्तमानपत्रवाल्या घराण्याकडे, आणि तिसरी माहेरची, देशी भागधारकांची. मालक तीन तऱ्हेचे, आणि चूक एकच!

तेव्हां मालक कोण हा प्रश्न खोटा नव्हे. पण त्याच्या मागें दुसरा प्रश्न उभा आहे: पारख्याची भाकरी कोणाच्या घरची? जॉन मूडी ह्यानें १९०९ सालीं अमेरिकेंतील रेल्वे कंपन्यांच्या कर्जरोख्यांस अक्षरें दिलीं, तेव्हां तो तीं पुस्तकांत छापून गुंतवणूक करणारांस विकीत असे. ज्याचा पैसा जाणार, तोच पारखीचें मोल देई. १९७० च्या सुमारास हा क्रम उलटला. ज्यास कर्ज काढावयाचें तोच पारख्याची फी देऊं लागला, आणि आजही बहुतेक धंदा असाच चालतो. नवऱ्या मुलाच्या बापानें पैसे देऊन मुलाच्या चांगुलपणाचा दाखला आणावा, त्यांतलीच ही गोष्ट. २००८ सालीं अमेरिकेंत घरकर्जांच्या गाठोड्यांवर अशींच सर्वोच्च अक्षरें लागलेलीं होतीं, आणि तीं गाठोडीं फुटल्यावर जग हादरलें. पुढें तेथील सरकारशीं झालेल्या तडजोडींत एस अँड पीनें २०१५ सालीं १३७ कोटि ५० लक्ष डॉलर, आणि मूडीजनें २०१७ सालीं सुमारें ८६ कोटि ४० लक्ष डॉलर भरले.

हें सर्व लिहितांना आमची लेखणी कांहींशी अडखळते. दुसऱ्याच्या पारखीवर टीका करण्यापूर्वीं स्वतःची एक पारख सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

पन्नास वर्षांपूर्वीं, बँकेंत लागण्याच्या आधीं, आम्हीं आमच्या भागांतील एका सोसायटीच्या सचिवाच्या हाताखालीं दोन वर्षें कारकुनी केली. सोसायटीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष तिचा नव्हता. सोसायटींत दरसाल कमाल मर्यादा पत्रक करीत. कोणत्या सभासदाचें किती रान, त्यांत कोणतें पीक, आणि त्यावर त्यास जास्तींत जास्त किती कर्ज देतां येईल, ह्याचा तो तक्ता. ज्वारीच्या एकरास थोडें कर्ज, उंसाच्या एकरास पुष्कळ. आमचे चुलते त्या सोसायटीचे सभासद होते. त्यांच्या दोन एकर ज्वारीपुढें आम्हीं ऊंस असें लिहिलें. पंचांनीं सही केली. पंचांच्या स्वतःच्या एकरांपुढेंही काय लिहिलें होतें तें आम्हांस ठाऊक होतें.

चुलत्यांनीं आम्हांस लांच दिली नव्हती. त्यांनीं आम्हांस कांहीं सुचविलेंही नव्हतें. आम्ही त्यांच्या घरीं राहात होतों, आणि काकी रोज रात्रीं ताटांत गरम भाकरी वाढीत होत्या, एवढेंच. जें लिहिलें तें आम्हांस त्या वेळीं खोटें वाटलेंही नाहीं. आज ना उद्यां तेथें ऊंस होईलच, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. कर्ज मिळालें म्हणून चुलत्यांनीं खरोखरच त्या रानांत ऊंस लावला. नीरा डाव्या कालव्याची पाळी त्या उन्हाळ्यांत लांबली, ऊंस जळाला, बाकी थकली, व्याजास व्याज लागलें. शेवटीं कालव्याच्या अंगाचें दीड एकर रान विकून त्यांनीं सोसायटीचा बोजा उतरविला. तोंपर्यंत आम्ही पुण्यास पगारी नोकर झालों होतों. पारख आम्हीं केली. चुकीचें मोल चुलत्यांनीं भरलें.

म्हणून मुंबईच्या उंच इमारतींत बसून तीन ‘ए’ लिहिणारा तरुण लबाडच असला पाहिजे, असें आम्हांस वाटत नाहीं. त्यालाही कोणीतरी भाकरी वाढीत असतें, आणि भाकरी खाणाऱ्या हाताला ज्वारीचा ऊंस दिसूं लागतो.

पूर्वीं गांवगाड्यांत पोतदार असे. बहुधा तो गांवचा सोनारच. सरकारांत भरावयाचें नाणें खरें कीं खोटें हें तो पारखी. त्याचें काम वतनाचें. नाणें आणणारा कोणी त्याला त्या दिवसापुरता विकत घेत नसे. पारख चुकली तर तोंड लपविण्यास जागा नव्हती. कां कीं तो त्याच आळींत राहणारा. गांवगाडा फार न्यायाचा होता असें आमचें म्हणणें नाहीं. पण पारख्यास वतन गांवाचें आणि वस्तीही गांवांत, ह्या दोन गोष्टी आजच्या व्यवस्थेंत हरवल्या आहेत खऱ्या.

मग काय करावें? सिबिलचे आणि पतमापनाचे कारखाने जाळून टाकावेत? हा प्रयोगही आमच्याच तालुक्यांत होऊन गेला आहे. आज बारामती तालुक्यांत असलेल्या सुपें गांवीं १२ मे १८७५ रोजीं कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि त्यांनीं मुख्यतः वह्या व रोखे हिसकून जाळले. तेथून ती आग पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरली. त्या वहींत आपल्या नांवावर काय लिहिलें आहे, हें कुळास वाचतां येत नसे आणि दाखविलें जात नसे. राग होता तो ह्याचा. परंतु जळालेल्या वहीच्या जागीं सावकारानें नवी वही घातली. खरें कांहीं हातीं आलें तें १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें. भरलेल्या पैशाची लेखी पावती, दरसालच्या हिशेबाचा उतारा, आणि मागेल त्यास पासबुक, हे हक्क त्या कायद्यानें कुळास दिले. वही सावकाराचीच राहिली. पण ती कुळापुढें उघडावी लागली. सगळे सावकार त्यामुळें सुधारले नाहींत. तरी ज्या कुळाजवळ पावती होती, तें कचेरींत उभें राहून बोलूं शकलें.

हाच हक्क आज नव्या रूपानें उपलब्ध आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांनीं तो बजावला असेल. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीनें मागणारास वर्षांतून एकदां त्याचा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. त्यांतील चूक दाखवून दिल्यावर तीस दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाहीं, तर त्यापुढें दर दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी, असाही नियम २०२४ पासून लागू झाला आहे. ह्यांतली दुसरी गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. पारख चुकली तर पारख्यालाही थोडी झळ लागते, असें त्यांत प्रथमच कबूल केलेलें आहे. मोठमोठ्या कंपन्यांस अक्षरें देणाऱ्या संस्थांस अशी झळ पुरेशी लागेल तो सुदिन. एक कोटीचा दंड आणि ९१,००० कोटींचें कर्ज हे आंकडे शेजारीं मांडून पाहिले, म्हणजे तो अजून किती दूर आहे तें कळतें.

आम्हीं काकींच्या नातवाचा अहवाल मागविला. त्यांत एका वित्तसंस्थेचें मोटारसायकलचें कर्ज थकलेलें दिसत होतें. मुलानें तें तीन वर्षांपूर्वींच फेडलें होतें, आणि बेबाकीचा दाखला कपाटांत, लग्नपत्रिकांच्या खालीं, सुरक्षित होता. तक्रार केली, दाखला जोडला, आणि महिन्याच्या आंत नोंद दुरुस्त झाली. कर्जाचा अर्ज आतां पुन्हां बँकेपुढें आहे. ठिबक केव्हां होईल तें होईल. पण जो आंकडा त्या घरावर देवाच्या कोपासारखा कोसळला होता, तो कोणा कारकुनाची साधी चूक होती, हें कळल्यावर मुलाची मान थोडी वर झाली.

दिवाळींत ही बातमी काकींस सांगावयास आम्ही काटेवाडीस गेलों. “म्हंजी सायबाचं चुकलं हुतं,” काकी म्हणाल्या. मग मात्र आम्हांस राहवेना. कमाल मर्यादा पत्रकाची पन्नास वर्षांपूर्वींची हकीकत आम्हीं त्यांस प्रथमच सांगितली. आमच्या लेखणीनें ज्वारीचा ऊंस झाला, आणि त्या उंसापायीं कालव्याकडचें रान गेलें.

काकी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. ओट्यावरून तें रान दिसतें. आतां तें दुसऱ्याचें आहे, आणि त्यांत ऊंस उभा होता.

“तू तवा पोर हुतास,” त्या शेवटीं म्हणाल्या. “लिवलंस, लिवलंस. पर त्यास्नी येऊन सांगितलं का न्हाईस? त्येंनी वरीसभर त्या कागदाला खरं मानलं की रं.”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. काकी उठल्या आणि भाकरीचें पीठ मळावयास आंत गेल्या.